मे महिना, नोकरी आणि घरातली पोरं

सुट्टीत डोकं उठतं ते कामापेक्षा फोनने. "आई, खायला काय?" हे दुपारपर्यंत चारदा. म्हणून खाण्याचं सकाळीच मार्गी लावायचं. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी संध्याकाळी कामावरून आल्याआल्या भिजत घाला आणि झोपताना वाटा. संध्याकाळीच वाटून ठेवलंत तर मेच्या उकाड्यात पीठ पहाटेपर्यंत आंबून भांड्याबाहेर येतं. निघण्याआधी आंबोळ्या काढून डब्यात, सोबत सुकी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत विटते. अमृत कोकम एकास पाच पाणी घालून माठाशेजारी.

फोनची वेळ एकच ठरवा, जेवणाच्या सुट्टीतली. अडचण असेल तरच मधे फोन, आणि अडचण म्हणजे काय तेही सांगून ठेवा: पडझड, अनोळखी माणूस, गॅसचा वास. लाइट जाणं यात येत नाही, ती जातेच.

रजा दोघांनी एकदम काढू नका. आलटून पालटून काढलीत तर तेवढ्याच रजेत दुप्पट दिवस निघतात. आजीआजोबांवर अख्खा महिना टाकणं मात्र अन्याय आहे. विहिरीवरची जाळी आधीच तपासा. मेअखेरीस समुद्र खवळायला लागतो, तेव्हा मोठं माणूस सोबत नसेल तर किनारा बंद.