वाशाक्तून: चिकूच्या रानातलं गाव

तिकाल या माया लोकांच्या प्राचीन नगरीचे अवशेष बघायला येणारे बहुतेक प्रवासी फ्लोरेसच्या बेटावर उतरतात, पहाटे गाडी पकडतात, मंदिरं बघतात आणि दुपारी परत फिरतात. ग्वातेमालाच्या उत्तरेला पेतेन प्रांतात हा ठरलेला दौरा आहे. पण तिकालच्या पुढे एक कच्चा रस्ता जंगलात शिरतो आणि २३ किलोमीटरवर वाशाक्तून नावाच्या गावात जाऊन थांबतो. मला ओढ होती ती या गावाची. मी घोलवडची, चिकूच्या वाडीत वाढलेली. आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण या झाडाचं मूळ घर मध्य अमेरिकेतलं हे रान आहे. ते कधीतरी डोळ्यांनी बघायचं, हे मनात फार वर्षं होतं.

फ्लोरेसजवळच्या सांता एलेनाहून दुपारी वाशाक्तूनची बस सुटते. टपावर मक्याच्या पिठाची पोती, गॅसचे सिलिंडर, एक शिलाई मशीन. तिकालच्या नाक्यावर नोंद झाली आणि डांबर संपलं. मार्चचा कोरडा उन्हाळा होता. चुनखडीची पांढरी धूळ दोन्ही बाजूंच्या झाडांवर हातभर चढली होती. रंगीत डोळेदार पिसांच्या रानटर्की निवांत रस्ता ओलांडत होत्या आणि चालक सवयीने गाडी हळू करत होता.

गाव कसं असेल याच्या ज्या कल्पना होत्या त्यांत विमानाची धावपट्टी नव्हती. वाशाक्तूनच्या मधोमध एक लांबलचक गवताळ पट्टा आहे. रस्ता व्हायच्या आधी इथे विमानं उतरायची आणि चिक्ले घेऊन जायची. चिक्ले म्हणजे चिकूच्या झाडाचा शिजवून घट्ट केलेला चीक, च्युइंगमचा मूळ कच्चा माल. विमानं केव्हाच बंद झाली. आता पट्ट्यावर घोडे चरतात, डुकरं लोळतात, संध्याकाळी पोरांचा फुटबॉल रंगतो, आणि दोन्ही कडांना झावळ्यांच्या नाहीतर पत्र्याच्या छपरांची घरं आहेत. पूर्वेला घरांमागे माया लोकांची मंदिरं, पश्चिमेलाही मंदिरं. अवशेषांशेजारी गाव, असं म्हणण्यापेक्षा अवशेषांच्या कुशीत गाव म्हणणं जास्त बरोबर.

राहायची सोय एका कुटुंबाकडे झाली. बाईंच्या स्वयंपाकघरात मातीचा ओटा, त्यावर गोल तवा, आणि दोन तळव्यांमध्ये थापून टाकलेल्या मक्याच्या तोर्तिया. जेवायला काळा घेवडा, अंडी, तळलेली केळी. मला त्यांनी रामोनच्या बियांचं गरम पेयही दिलं. रामोन हे इथलं मोठं रानझाड. त्याच्या बिया भाजून पीठ करतात, आणि गावातल्या बायका त्या पिठाची बिस्किटं करून विकतात. चव खमंग, कॉफी आणि कोको यांच्या मधली.

सकाळी त्यांचे सासरे मला रानात घेऊन गेले. तरुणपणी ते चिक्लेरो होते, म्हणजे चीक काढणारे. पायवाटेवर पहिलंच मोठं झाड दाखवून ते थांबले, आणि मला ते ओळखताच येईना. आमच्याकडे खिरणीवर कलम केलेली कालीपत्ती असते. पसरट, बुटकी, शिडी लावली की हाताशी येणारी. हे झाड सरळ आभाळात गेलेलं, पार शंभर फूट. खाली माकडांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळं पडली होती. एक उचलून वास घेतला. तो मात्र आमच्या वाडीचाच.

खोडावर जमिनीपासून वरपर्यंत तिरक्या खाचा होत्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, प्रत्येक खाच खालच्या खाचेला जोडलेली. आजोबांनी कमरेला दोर लावल्याचं आणि कोयता चालवल्याचं करून दाखवलं. पायांना लोखंडी काटे बांधून वर चढायचं, खाच पाडत जायचं. चीक त्या नागमोडी वाटेने उतरत बुंध्याशी बांधलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत साचतो. हे काम पावसाळ्यातलं, कोरड्या दिवसांत चीक वाहत नाही. मग कढईत शिजवायचा, ढवळत राहायचं, घट्ट झाला की साच्यात घालून विटा पाडायच्या. खाच खोल गेली तर झाड मरतं. नीट पाडली तरी पुढची काही वर्षं त्याला हात लावायचा नाही. खाचांच्या बऱ्या झालेल्या कडांवरून बोट फिरवत त्यांनी कोणत्या खाचा जुन्या, कोणत्या नव्या, ते सांगितलं. वरून पडून गेलेले सोबतीही त्यांना आठवत होते.

मी सांगितलं की आमच्याकडे हे झाड फळासाठी ओळीने लावतात, आणि फळ काढल्यावर देठाचा चीक धुऊन टाकतात. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “सगळा?”

चिक्लेरोंना केवळ रानातले मजूर समजणं अन्यायाचं आहे. १९१६ मध्ये सिल्व्हेनस मोर्ली हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ इथे पोचले ते चिक्लेरोंच्याच माहितीवर. कोरीव शिळांची खबर आणणाऱ्याला मोर्ली बक्षीस देत. इथे त्यांना इसवी सन ३२८ चा मजकूर असलेली शिळा मिळाली. पुढे १९२६ ते १९३७ या काळात अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेने मोठं उत्खनन केलं. माया जगाबद्दल आज आपण जे वाचतो, त्यातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात या लोकांच्या पायवाटांवर झाली आहे, आणि त्यांची नावं कुठल्याही फलकावर मला दिसली नाहीत.

पूर्वेकडच्या वास्तूंच्या समूहाला ‘ई’ म्हणतात. पश्चिमेला चारी बाजूंनी पायऱ्या असलेला छोटा पिरॅमिड, समोर पूर्वेला एका ओळीत तीन मंदिरं. १९२४ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्रान्स ब्लॉम यांच्या लक्षात आलं की पिरॅमिडवरून पाहिलं तर विषुवदिनी सूर्य मधल्या मंदिरामागून उगवतो, २१ जूनच्या सुमारास उत्तरेकडच्या आणि २१ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेकडच्या. अशी रचना नंतर माया प्रदेशात जागोजागी सापडली आणि तिला याच समूहाचं नाव पडलं. ही काटेकोर वेधशाळा होती की सूर्याच्या विधींची जागा, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मला मक्याचं पीक डोळ्यांपुढे ठेवून दोन्ही एकत्रच वाटतात: पेरणी कधी करायची हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हाती पूजा.

पिरॅमिडच्या पायऱ्यांलगत गिलाव्याचे प्रचंड मुखवटे आहेत. हे टिकले, कारण त्यांच्यावर नंतरच्या काळात दुसरी वास्तू चढवली होती. मोडकळीला आलेलं ते वरचं कवच उत्खननात काढलं तेव्हा आतला जुना पिरॅमिड मोकळा झाला. आता पावसाने त्यांचे नाकडोळे झिजत चालले आहेत. पायऱ्यांशी उभी राहून मी विषुवदिनाच्या आसपासचा सूर्योदय पाहिला. धुकं होतं, सूर्य दिसला तो आधीच मधल्या मंदिराच्या माथ्यावर आलेला. रानात हाऊलर माकडांची गर्जना चाललेली, आणि शेजारच्या परसात कोणीतरी कोंबड्यांना दाणे टाकत होतं.

पश्चिमेच्या समूहात पाच क्रमांकाची शिळा आहे. झिजलेली, तरी योद्धा कळतो: एका हातात भाला दूर भिरकावण्याचं साधन, दुसऱ्यात गदा, पोशाख सुमारे हजार किलोमीटरवरच्या, मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहराच्या धर्तीचा. तिच्यावरचा दिवस १६ जानेवारी ३७८. याच दिवशी सियाह काक नावाचा सरदार पश्चिमेकडून तिकालला पोचला आणि तिथल्या राजाचा अंत झाला, असं तिकालचे लेख सांगतात. पुढच्याच वर्षी तिकालच्या गादीवर नवा राजा बसला. एवढ्या मोठ्या उलथापालथीची नोंद या शांत गावाच्या मागच्या अंगणात उभी आहे.

परतताना तिकालच्या मंदिरात दारावरच्या तुळया मुद्दाम पाहिल्या. आठव्या शतकातल्या या तुळया चिकूच्याच लाकडाच्या, आणि त्यातल्या काही अजून जागच्या जागी दगडांचा भार पेलताहेत. चौथ्या मंदिरातल्या कोरीव फळ्या मात्र स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहेत. त्या इथे असायला हव्या होत्या.

या जंगलाला ‘निर्मनुष्य अरण्य’ म्हणणारी वर्णनं मला पटत नाहीत. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या, विमानातून लेझरने केलेल्या मोजणीत पेतेनच्या रानाखाली ६०,००० हून जास्त जुनी बांधकामं दिसली. इथे शेतं होती, बांध होते, रस्ते होते. आणि आजही हे रान माणसांनीच राखलंय. १९९० मध्ये माया संरक्षित जीवावरण क्षेत्र जाहीर झालं, आणि २००० मध्ये वाशाक्तूनच्या ग्रामसंस्थेला सुमारे ८३ हजार हेक्टर जंगल २५ वर्षांच्या कराराने सांभाळायला मिळालं. ठरावीक महोगनी तोडायची, बाकी चिक्ले, ऑलस्पाइस नावाचं मसाल्याचं फळ आणि शाते गोळा करायचं. शाते ही झाडांखाली वाढणारी बुटकी पामची जात. तिची पानं तोडल्यावरही कित्येक दिवस हिरवी राहतात, म्हणून अमेरिकेत पुष्पगुच्छांना आणि चर्चमधल्या सणाला जातात. गोदामात बायका एकेक पान उजेडाकडे धरून डाग बघत होत्या. डागाळलेलं बाजूला, चांगल्याची जुडी. बाहेर काही तरुण कोयते घेऊन वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला निघाले होते. पश्चिमेच्या लागुना देल तिग्रे राष्ट्रीय उद्यानात गुरांच्या कुरणांसाठी रान मोठ्या प्रमाणावर जळून गेलं. इथे ते उभं आहे.

जाणार असाल तर रोख पैसे न्या, वाटाड्या गावातलाच घ्या, आणि तिकालहून दोन तासांची धावती चक्कर न मारता एक रात्र तरी राहा. रामोनची बिस्किटं जरूर घ्या. जानेवारी ते मार्च गेलात तर झाडाखाली चिकू बघा. माकडांच्या आधी पोचलात तर एखादा पिकलेला मिळेलही.