विदर्भाच्या उन्हाळ्यात ईथर आणि सॉक्सलेट : माझा अनुभव

डायइथाइल ईथर हे चरबी विरघळवून काढायचं विद्रावक ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल लागला की प्रयोगशाळेच्या खोलीचंच तापमान त्यापुढे जातं. ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’, ‘नळाचं पाणी कंडेन्सरमधून (बाष्प थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या काचनळीतून) सोडा’ अशा सूचना थंड हवेत बसून लिहिलेल्या असतात. सोयाबीन किंवा सरकीच्या पेंडीतली चरबी सॉक्सलेटने, म्हणजे तेच विद्रावक पुन्हा पुन्हा उकळून आणि थंड करून नमुन्यावरून सोडणाऱ्या काचेच्या संचाने, मोजायची असेल, तर आमच्याकडे प्रत्येक पायरी वेगळी आखावी लागते. मी ती कशी आखतो आणि का, ते इथे देतो आहे.

सुरुवात बाटलीच्या तारखेपासून. ईथर हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून पेरॉक्साइड हे स्फोटक संयुग तयार करतं. बाटलीवर मी दोन तारखा लिहून घेतो, आली ती आणि उघडली ती. उघडलेली बाटली सहा महिन्यांच्या आत संपवायची. न उघडलेलीही वर्षापलीकडे ठेवत नाही. झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले, किंवा तळाशी घट्ट तेलकट थर दिसला, तर ती बाटली हलवायची नाही, झाकण फिरवायचं नाही. स्फटिक आट्यांमध्ये असले तर झाकण फिरवल्याच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. खोली रिकामी करून कुलूप लावायचं आणि संस्थेच्या प्रमुखांमार्फत पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवायचं. हा अतिरेक वाटत असेल, तर तो करावा.

बाटली चांगली दिसली तरी वापराच्या दिवशी चाचणी होतेच. एका परीक्षानळीत १ मिलि ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, त्यात सुमारे १०० मिग्रॅ पोटॅशियम आयोडाइड, वर १ मिलि ईथर. हलवून मिनिटभर थांबायचं आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची. शेजारी ईथर न घातलेली कोरी नळी हवीच, कारण जुनं आयोडाइड स्वतःच पिवळं पडलेलं असतं. रंग आला नाही तर पुढे जायचं. फिकट पिवळा रंग म्हणजे थोडं पेरॉक्साइड आहे. गडद पिवळा किंवा तपकिरी म्हणजे ०.०१ टक्के किंवा जास्त. ती बाटली मी वापरत नाही, थेट टाकाऊ रसायनांच्या नोंदीत घेतो. फिकट पिवळ्यासाठी उपाय आहे. ५५ मिलि पाण्यात ३ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश घालून थंड करायचं, त्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवायचं आणि सेपरेटिंग फनेलमध्ये (दोन थर वेगळे करायच्या, तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात) ५०० मिलि ईथरबरोबर हे द्रावण हलवायचं. पुन्हा चाचणी घ्यायची. रंग उरला तर ताज्या द्रावणाने परत.

सॉक्सलेटमध्ये या चाचणीला विशेष महत्त्व आहे. पेरॉक्साइड ईथरसारखं उडत नाही. सहा-आठ तास ईथर वर जातं, खाली येतं, पण पेरॉक्साइड फ्लास्कमध्येच साठत राहतं. शेवटी ईथर काढून टाकल्यावर चरबीबरोबर तेही उरतं, आणि तोच फ्लास्क आपण १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो. ईथर ऊर्ध्वपातन करून परत वापरणाऱ्यांनी तर दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. फ्लास्क कधीही कोरडा होऊ द्यायचा नाही, पाचवा हिस्सा तरी खाली ठेवायचा. आणि मूळ बाटलीत पेरॉक्साइड रोखण्यासाठी घातलेलं बीएचटी मागे राहिलेलं असतं, त्यामुळे ऊर्ध्वपातित ईथर विकतच्या ईथरपेक्षा लवकर बिघडतं. ते त्याच दिवशी वापरावं.

आता बाटली उघडणं. चाळीस अंशांत आतल्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो; झाकण सैल होताच ईथर फसफसून हातावर येतं. मी बाटली आधी अर्धा तास बर्फाच्या पाण्यात उभी करतो, बाहेरून पुसून घेतो आणि फ्यूम हूडमध्ये (बाष्प बाहेर खेचणाऱ्या कपाटात) झाकण थोडं थोडं फिरवतो. साठवणीसाठी घरगुती फ्रिज मात्र चालणार नाही. त्याच्या आत थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण असतं, दोन्हीत ठिणगी पडते. झाकणातून झिरपलेलं बाष्प बंद फ्रिजमध्ये साठतं आणि भडका उडायला तेवढं पुरतं. आतले विद्युत भाग बाहेर घेतलेला, प्रयोगशाळेसाठी बनवलेला फ्रिज नसेल, तर इमारतीतली सगळ्यात थंड, सावलीची, हवेशीर खोली निवडावी आणि साठा ५०० मिलिच्या एक-दोन बाटल्यांपुरताच ठेवावा. थंडीने पेरॉक्साइडची वाढ थांबेल हा समजही बरोबर नाही.

ईथरची आग बहुतेकदा ईथरजवळ सुरू होत नाही, हे नव्या माणसाला पटवायला वेळ लागतो. बाष्प हवेच्या अडीचपट जड असतं. ते टेबलावरून खाली उतरतं, जमिनीलगत वाहत जातं, दूरच्या बर्नरपाशी पेट घेतं आणि ज्वाला त्याच वाटेने बाटलीपर्यंत परत येते. हवेत १.९ टक्के ते ३६ टक्के यांमधलं कुठलंही प्रमाण पेटू शकतं. मी विद्यार्थ्यांकडून एक हिशेब करून घेतो. ५०० मिलि ईथर म्हणजे साधारण ३५६ ग्रॅम, ४.८ मोल, चाळीस अंशांत त्याचं सुमारे १२३ लिटर बाष्प होतं. १.९ टक्क्यांच्या हिशेबाने ते साडेसहा घनमीटर हवा पेटण्याजोगी करतं. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीत जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त उंचीचा थर झाला. एका सांडलेल्या बाटलीने.

ज्वालाच लागते असंही नाही. ईथर १६० ते १८० अंशांच्या दरम्यान तापलेल्या पृष्ठभागावर आपोआप पेटतं. नुकती बंद केलेली हॉट प्लेट त्याहून गरम असू शकते. म्हणून ईथरच्या दिवशी खोलीतले सगळे बर्नर गॅसच्या मुख्य कॉकपासून बंद, हॉट प्लेट खोलीबाहेर, आणि डेझर्ट कूलरही बंद. उकाड्यात कूलर बंद करायला कोणी राजी नसतं, पण त्याचा झोत बाष्प खोलीभर पसरवतो, हूडचं खेचणं बिघडवतो, शिवाय त्याच्या मोटरचा आणि स्विचचा धोका वेगळाच. यावर मला एकच मार्ग दिसतो : ईथरचं काम सकाळी सातला लावायचं. कपडे सुती. एका धातूच्या डब्यातून दुसऱ्या धातूच्या भांड्यात ओतताना दोन्ही तारेने जोडायची, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही.

संच जुळवताना खरी अडचण कंडेन्सरची येते. गच्चीवरच्या टाकीतून मे महिन्यात जे पाणी येतं, ते ईथरच्या उत्कलनबिंदूच्या आसपास किंवा त्याहूनही गरम असतं. त्याने बाष्प थंड होत नाही, कंडेन्सरच्या तोंडातून सरळ खोलीत येतं. मी बर्फाच्या पाण्याची बादली आणि कूलरचा छोटा पाण्यात बुडणारा पंप वापरतो. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी १५ अंशांच्या आत राहील इतका बर्फ घालत राहायचा. सहा संचांना तासाला तीन-चार किलो लागतो. बादली संचाच्या खाली जमिनीवर ठेवायची नाही, कारण बाष्प तिथेच उतरतं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पंपाचा प्लग हूडपासून लांबच्या बोर्डावर.

फ्लास्क २५० मिलिचा, त्यात ईथर १५० मिलिच्या आसपास, नमुना आधी वाळवलेला, थिंबलमध्ये (नमुना ठेवायच्या सच्छिद्र नळकांड्यात) २ ते ५ ग्रॅम. उकळी उसळू नये म्हणून पोर्सिलेनचे तुकडे गरम करण्याआधीच टाकायचे. तापलेल्या ईथरमध्ये टाकले तर सगळं एकदम वर उसळतं. तापवायला ५० ते ५५ अंशांचा बंदिस्त वॉटर बाथ, लॅब जॅकवर, म्हणजे वर-खाली करता येणाऱ्या बैठकीवर. जॅकचं कारण वीज. वीज गेली की पंप लगेच थांबतो, पण बाथचं पाणी बराच वेळ गरमच राहतं, आणि ईथर कंडेन्सरविना उकळत राहतं. त्या क्षणी जॅक खाली घेऊन बाथ फ्लास्कपासून वेगळा करायचा असतो. म्हणून चालू संचापाशी कोणीतरी उभं हवंच, रात्रभर तो एकटा सोडू नये.

निष्कर्षण संपल्यावर जे होतं, ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. घाईत फ्लास्क ओव्हनमध्ये जातो. ओव्हनचं तापमान १०५ दाखवतं, पण त्याची हीटिंग कॉइल त्यापेक्षा कितीतरी गरम असते. फ्लास्कमध्ये राहिलेले चार-पाच मिलि ईथरही बंद ओव्हनचं दार उडवायला पुरतं. आधी हूडमध्ये, कोमट पाण्यावर, ईथर पूर्ण उडू द्यायचं. वास अजिबात येत नाही याची दुसऱ्या, बाहेरून आलेल्या माणसाकडून खात्री करून घ्यायची, कारण दिवसभर तिथे असलेलं नाक सरावलेलं असतं. मगच ओव्हन. नमुना न घालता नुसत्या ईथरची कोरी तपासणी करून त्या फ्लास्कचंही वजन घ्यावं : ७ पीपीएम बीएचटी असेल तर १५० मिलि ईथरमागे पाऊण मिलिग्रॅम मागे राहतं. पेंडीत ते जाणवत नाही, कमी चरबीच्या नमुन्यात जाणवतं.

पद्धत परवानगी देत असेल तर मी एप्रिल-मेमध्ये पेट्रोलियम ईथर घेतो, ४०–६० किंवा ६०–८० अंश सेल्सिअसला उकळणारं. नावात ईथर असलं तरी ते हलक्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यात पेरॉक्साइड होत नाही आणि बाष्प आवरणं सोपं जातं. आगीच्या दृष्टीने मात्र तितकीच काळजी. आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून अहवालात विद्रावक लिहायलाच हवा.

सांडलंच तर कुठलंही बटण दाबायचं नाही, पंख्याचंसुद्धा. दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर, वीज बाहेरच्या मुख्य स्विचने बंद. फ्लास्कच्या तोंडाशी छोटी ज्योत लागली तर वॉच ग्लास (काचेची उथळ बशी) झाकून ती विझते. त्याहून मोठ्याला कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडर. पाण्याचा फवारा मारू नये. ईथर पाण्यापेक्षा हलकं असल्याने जळत जळत पाण्यावर पसरतं.

उरलेलं ईथर सिंकमध्ये जात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. सेपरेटिंग फनेलमधला खालचा पाण्याचा थर मात्र बिनधास्त ओतला जातो. त्या पाण्यात सहा-सात टक्के ईथर विरघळलेलं असतं. ते नळीतून बाष्प होऊन शेजारच्या प्रयोगशाळेच्या सिंकमधून वर येतं, आणि तिथे बर्नर चालू असतात. तो थर हूडमध्ये उघड्या भांड्यात ठेवून ईथर उडू द्यावं, मग निचरा. टाकाऊ ईथरची बाटली वेगळी ठेवावी, पाऊणच भरावी, तिच्यात नायट्रिक आम्ल किंवा क्लोरोफॉर्म मिसळू नये, आणि तिच्यावरही तारीख लिहावी. पेरॉक्साइड तिच्यातही होतं.