गार गिअरबॉक्स आणि न पडणारा तिसरा गिअर

रात्रभर उभी असलेली माझी ऑटोमॅटिक गाडी सकाळी निघायची झकास. पहिल्यावरून दुसरा पडायचा आणि मग ती तिथेच ठाण मांडायची. काटा साडेतीन हजार आरपीएमवर, इंजिन बोंबलतंय, पण तिसरा काही पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं तशीच रेटली की एकदम सुरळीत, मग दिवसभर तक्रार नाही. गॅरेजला पोचेपर्यंत गिअरबॉक्स तापलेला असायचा, त्यामुळे दुखणं कुणाला दिसायचंच नाही. एका मेकॅनिकने तर न चालवताच 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असं सांगून टाकलं. शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी रात्री तिथेच ठेवली.

आधी ऑइल पाहिलं. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक आहे, सगळ्यांना नसते. गाडी सपाट जागेवर, ऑइल तापलेलं, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या खाचांतून एकदा फिरवून पुन्हा पार्कमध्ये, मग डिपस्टिक. पातळी बरोबर होती. रंग मात्र लालऐवजी तपकिरीकडे झुकलेला, जळका वास नाही.

मग तापमानाचा सेन्सर. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनाचं कूलंट आणि गिअरबॉक्सचं ऑइल यांचं तापमान जवळपास सारखंच असायला हवं. वायर तुटली असेल तर स्कॅनर बहुतेक वेळा उणे ४० दाखवतो आणि गिअर ठरवणारा कॉम्प्युटर गोंधळतो. इथे दोन्ही आकडे जुळले.

खरी गोष्ट कळली ती गाडी गार असतानाच स्कॅनर लावून चालवल्यावर. पडद्यावर कॉम्प्युटरने मागितलेला गिअर: ३. आरपीएम आणि वेग यांचं गणित मात्र सरळ दुसऱ्याचं. म्हणजे हुकूम सुटतोय, आत कुणी ऐकत नाही. सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या झडपेचा, रोध मापात होता, करंट दिल्यावर 'टक्' आवाजही येत होता. विजेची बाजू सुटली.

उरले दोन संशयित: गिअर धरणाऱ्या आतल्या क्लचच्या पिस्टनची कडक झालेली रबरी सीलं, किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागात) अडकणारा व्हॉल्व्ह. सीलं गारठ्यात दाब गळू देतात, पण मग दुसरा सुटतो, तिसरा अर्धवट धरतो आणि इंजिन मोकाट रेझ होतं. माझी गाडी दुसरा घट्ट धरून होती, कुठेच घसरत नव्हती. म्हणून गिअरबॉक्स न उतरवता फक्त खालचा पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी काढायची ठरली. इतका विचार करणारा मेकॅनिक मिळाला, हे नशीबच.

पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप होता, तो चालतो. धातूचे कपचे दिसले असते तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्ह बॉडी तिरकी धरली की व्हॉल्व्ह आपल्याच वजनाने घसरायला हवा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेणारा मात्र मधेच अडला, अंगावर तपकिरी चिकट थर घेऊन. बॉडी अॅल्युमिनियमची, व्हॉल्व्ह पोलादाचा. गारठ्यात अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, भोक आवळतं, आणि त्यात हा थर. तापलं की पुन्हा मोकळं. सकाळच्या त्या दहा-पंधरा मिनिटांचा हिशोब इथे लागला.

थर क्लीनरने काढला. पॉलिश पेपर अजिबात नाही, कारण ओरखड्यातून दाब गळतो. आतल्या छोट्या गोळ्या कुठल्या खाचेत आहेत त्याचे फोटो आधीच काढले होते. एखादी जरी चुकीच्या जागी बसली तरी नवंच दुखणं. फिल्टर आणि गॅस्केट नवं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, बोल्ट टॉर्क रेंचने.

आता गार गाडीही दोन हजारांच्या आसपास तिसरा घेते. वरचा गिअर आणि कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्सची थेट जोडणी) सुरुवातीला अजून उशिरा लागतं, पण ते ऑइल तापेपर्यंत कॉम्प्युटरच मुद्दाम रोखून धरतो. त्याला हात लावायचं काही कारण नाही.