कुठे आणि कधी

जुन्या अल्बममधले फोटो उलटले की पाठीवर शाईने लिहिलेलं सापडतं : 'माथेरान, दिवाळीची सुट्टी. बेबी दीड वर्षाची.' ही बेबी कोण, ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही ते सोडा. आता फोनमधला फोटो बोटाने जरा वर सरकवला की तारीख, वेळ, गाव, सोबत नकाशासुद्धा हजर. फोटो बरेचदा हललेला असतो, पण या दोन गोष्टी अचूक. मला फोटोपेक्षा त्यांचंच कौतुक जास्त.

त्यातलं 'कुठे' ही मुळात घड्याळाची मेहेरबानी आहे. भर समुद्रात अक्षांश ध्रुवताऱ्यावरून काढता यायचा. रेखांशापाशी मात्र भले भले खलाशी अडायचे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे डोक्यावर सूर्य आला असताना घरच्या बंदरात किती वाजलेत हे कळलं की झालं. पण डुलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ कसलं चालतंय! 1707 साली इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटली, हजाराहून जास्त माणसं बुडाली. पुढे 1714 मध्ये पार्लमेंटने समुद्रात रेखांश काढून दाखवणाऱ्याला 20,000 पौंडांचं बक्षीस लावलं.

खगोलशास्त्रज्ञ चंद्र-ताऱ्यांची कोष्टकं मांडत बसले, आणि जॉन हॅरिसन नावाचा सुतार घड्याळं करत बसला. त्याचं पहिलं सागरी घड्याळ 34 किलोंचं. चौथं तळहाताहून थोडंच मोठं. 1761 मध्ये ते जमैकाला निघालं आणि 81 दिवसांत पाचेक सेकंदच मागे पडलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळाला हे सांगायला नको.

आजचे जीपीएसचे उपग्रह म्हणजे तरी काय, आकाशात टांगलेली अणुघड्याळंच. त्यांची वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली, तर अंतरात 300 मीटरांचा फरक पडतो. रिक्षावाला आपल्याला पुढच्या नाक्यावर शोधत बसेल. (मुंबईचं रेखांशप्रेम तर याहून कडवं. देशाची प्रमाणवेळ ठरली तरी तिथे 39 मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' 1955पर्यंत पाळली जात होती.)

'कधी'ची गोष्ट मात्र उलटी. फ्रान्समधल्या निसेफोर निएप्सने कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीचा एक पदार्थ फासला आणि पत्रा कॅमेऱ्यात घालून खिडकीशी ठेवला. उजेड पडला तिथे तो थर घट्ट झाला, उरलेला तेलाने धुऊन निघाला. कॅमेऱ्यातून टिपलेला, आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो तो हाच. यासाठी किती वेळ लागला? निदान आठ तास. कित्येक दिवस लागले असावेत, असंही काही जाणकार म्हणतात. तेवढ्यात सूर्य इकडून तिकडे गेला, म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर एकदमच ऊन दिसतं. या फोटोला वेळ कुठली घालायची? सालसुद्धा कुणी 1826 म्हणतं, कुणी 1827.

पुढे निएप्सचा भागीदार डागेर याने 1838मध्ये पॅरिसचा एक हमरस्ता टिपला. घोडागाड्या, माणसं, सगळी वर्दळ त्यातून गायब, कारण पत्र्यावर उमटण्याइतकं कुणी थांबलंच नाही. राहिला एक बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाला, जरासा पुसट.

बक्षिसाच्या बाबतीत दोघांचीही परवडच. हॅरिसनकडे बक्षीस ठरवणाऱ्या मंडळाने पुरावे मागितले, मग आणखी पुरावे मागितले. शेवटी राजाने लक्ष घातलं तेव्हा 1773मध्ये, ऐंशीच्या घरात, पार्लमेंटने त्याला 8,750 पौंड दिले. निएप्स तर 1833 मध्येच गेला. सहा वर्षांनी फ्रेंच सरकारने ही कला जगाला खुली केली, तोवर डागेरने सुधारलेल्या पद्धतीला स्वतःचंच नाव देऊन टाकलं होतं. त्याला वर्षाला 6,000 फ्रँकचं पेन्शन मिळालं, निएप्सच्या मुलाला 4,000. हा 2,000चा फरक कुठल्या हिशेबाने ठरला असेल, याचा विचार करताना मला दर वेळी निएप्सच्या बाजूने भांडावंसं वाटतं.