उसनं अवसान

मंगळवार, रात्री

सकाळचे ते पंचेचाळीस सेकंद अजून डोक्यातून जात नाहीयेत. एवढ्याशा गोष्टीवर लिहायचं काय, म्हणून दोनदा वही मिटली. पण झोप लागत नाही म्हटल्यावर लिहिलेलं बरं.

आज १२ किलोमीटर पळायचे होते. साडेदहाव्या किलोमीटरला मी संपले. म्हणजे तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं. मांड्या भरून आलेल्या, उजव्या पोटरीत गोळा येऊ की नको करत होता, जीभ टाळूला चिकटलेली. चालायला लागले. चालणं तरी कसलं, फरपट. आता उरलेलं सगळं चालतच जायचं असं ठरवून टाकलं, आणि ठरवल्याबरोबर फार बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, नंतर सोयीस्करपणे विसरायला नको.

मग वळणावरून ती आली. निळी टोपी.

आणि मी पळायला लागले.

नुसती पळाले असते तरी ठीक होतं. खांदे मागे, हनुवटी वर, पावलं हलकी, तोंड मिटून नाकाने श्वास! तिच्या शेजारून जाताना हसून ‘गुड मॉर्निंग’सुद्धा म्हणाले. दोन्ही शब्द एका दमात. तिने वर बघितलंच नाही. मोबाइलमध्ये काहीतरी वाचत चालली होती. वळण पार झालं, मी मागे वळून ती दिसत नाही याची खात्री केली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. डोळ्यांपुढे काजवे.

घरी येऊन घड्याळातला आलेख उघडला. एरवी मी तो बघतही नाही. आडव्या पडलेल्या रेषेवर मध्येच एक सुळा उभा आहे. १४० मीटर, ४५ सेकंद, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं २० सेकंदांचा वेग. माझा रोजचा वेग ६:५० आहे. पहिल्या ताज्या किलोमीटरलासुद्धा मी ५:२० ने पळत नाही. आणि हे ‘संपल्यानंतर’.

मग मी दमले होते ते काय होतं?

पळणं शिकवणाऱ्या सरांच्या वहीत शेवटचा रकाना कष्टाचा असतो. ६ ते २० मधला आकडा लिहायचा. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ही मोजपट्टी. ६ पासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके निघावेत, ६० ते २००. सर म्हणतात, यंत्राला विचारू नका, स्वतःला विचारा, खरं सांगा. मी सकाळी आल्या आल्या १९ लिहिलं होतं. १९ म्हणजे अतिशय कठीण, त्यापुढे फक्त २०. लिहिताना मनात जराही शंका नव्हती. दुपारी जेवताना तोच आकडा आठवला आणि कानशिलं तापली. चोरी पकडल्यासारखं झालं, आणि पकडणारीही मीच.

संध्याकाळी वाचत बसले. माझं हे नेहमीचंच, लाज वाटली की वाचायला घ्यायचं.

तर माझ्यासारखे लोक १९८३ सालीच सापडलेले आहेत. वॉरिंगहॅम आणि मेसिक या दोघा संशोधकांनी एका पायवाटेवर पळणाऱ्यांची त्यांच्या नकळत वेळ मोजली. सुमारे ९० यार्डांचा टप्पा. कधी तिथे कुणीच नाही, कधी मध्यावर एक बाई गवतावर पाठ करून बसलेली, कधी तीच बाई येणाऱ्याकडे तोंड करून. ती पाठमोरी असताना वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तोंड करून बसली की लोकांनी वेग वाढवला. बाई करत काहीच नव्हती. फक्त तिला दिसू शकत होतं.

वाचून हसू आलं आणि लगेच गेलं. कारण लोकांनी वेग वाढवला, बरोबर, पण ते मुळात पळत तरी होते. मी तर दुकान बंद करून निघाले होते.

मग मार्कोरा आणि स्टायानो या संशोधकांचा २०१० चा प्रयोग. दहा रग्बी खेळाडू. त्यांना सायकलवर बसवून सरासरी २४२ वॉटच्या जोराने पेडल मारायला लावलं, आता एकही मारता येणार नाही असं होईपर्यंत. सगळे साधारण दहा मिनिटांत थकून थांबले. थांबल्याबरोबर, विश्रांती न देता, त्यांना सांगितलं की आता फक्त पाच सेकंद, असेल नसेल तेवढा जोर लावा. त्यांनी सरासरी ७३१ वॉट काढले. २४२ जमत नाही म्हणून जे थांबले, त्यांनी त्याच क्षणी तिप्पट जोर लावला. मार्कोरांचं म्हणणं असं की पाय थांबत नाहीत, माणूस थांबतो. लागणारे कष्ट आपण घ्यायला तयार असलेल्या कष्टांच्या पलीकडे गेले, किंवा आता जमणारच नाही असं वाटलं, की आपण सोडतो.

सोडतो. थांबावं लागतं असं नाही.

इथे मी मोबाइल पालथा ठेवला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

निळ्या टोपीचं मला काहीच नाही. तिला आठवतही नसेल. बोचतंय ते दुसरंच. आजचं साडेदहाव्या किलोमीटरचं दमणं खोटं असेल, तर मग मॅरेथॉनमध्ये ज्या ३१ व्या किलोमीटरला मी शर्यत सोडली, तिथलं?

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगत आले आहे. शरीराने नाही म्हटलं. वाक्य ऐकायला चांगलं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. दादाला सांगितलं, सरांना सांगितलं, ऑफिसात तर हातवारे करून सांगितलं. बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा नंबर, अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, एक पिन गंजली आहे. ‘शरीराने नाही म्हटलं.’ आणि आज तेच शरीर एका टोपीसाठी ५:२० ने पळालं. कुणाच्या नाकावर टिच्चून सांगू मी आता ते वाक्य?

खरं तर मला काहीच नीट जमत नाही, हे आहे. पळणं म्हणजे तेवढी एक गोष्ट अशी होती की जिथे आपण खोटं बोलू शकत नाही असं मला वाटायचं. घामाचं सोंग आणता येत नाही वगैरे. कामात आणता येतं, नात्यात तर रोजच आणावं लागतं. आणि तिथेही मी नटलेलीच निघाले. कुणी बघत असेल तर खेळाडू, नसेल तर गोणपाट. त्रेचाळीसाव्या वर्षी स्वतःबद्दल हे कळावं, तेही मंगळवारी.

(मध्येच एक पळवाटही सापडली, लिहून टाकते. त्याच मार्कोरांचा २००९ चा प्रयोग आहे. दीड तास डोक्याला ताण देणारं काम संगणकावर केलेले लोक नंतर सायकलवर लवकर दमले. सरासरी ६४० सेकंद टिकले. दीड तास माहितीपट बघून आले तेव्हा ७५४. हृदय, रक्त सगळं जवळपास सारखंच, फक्त कष्ट जास्त वाटत होते. काल मी रात्री साडेअकरापर्यंत हिशेब जुळवत बसले होते. झालं तर मग! पण हे निमित्त धरून मला दोन मिनिटंसुद्धा समाधान मिळालं नाही. माझं मला माहीत.)

दहाच्या सुमारास पाणी प्यायला उठले आणि परत तो रग्बीवाला आकडा बघितला. बघायचं राहून गेलेलं असं एक त्यात होतं. या खेळाडूंचा पाच सेकंदांचा जोर दमवण्याआधीही मोजला होता. तो होता १०७५ वॉट. नंतरचा ७३१. म्हणजे जवळपास एक तृतीयांश जोर खरोखरच गेलेला होता. कुणी नाटक करत नव्हतं. पाय दमलेही होते आणि पायात शिल्लकही होती. दोन्ही एकाच वेळी. आणि उरलेलं काढायला सांगितलं ते पाच सेकंदांसाठी, पाच म्हणजे पाच, पुढे काही नाही हे माहीत असताना.

आईचा शब्द आहे, उसनं अवसान. पाहुणे आले की ती तापातूनही उठायची आणि ते गेले की आडवी व्हायची. आम्ही म्हणायचो, आई सोंग करते. ताप आहे की नाही नक्की? ताप असायचाच, आम्ही हात लावून बघायचो. आज ते सोंग होतं असं मला म्हणवत नाही. उसनं घेतलेलं होतं. आणि उसनं म्हणजे फेडायचं. तिची दुसऱ्या दिवशीची अवस्था आठवते. आणि माझे गुडघ्यावरचे हात, काजवे, त्यानंतरचा सव्वा किलोमीटर. तो आधीच्या फरपटीपेक्षाही वाईट गेला, आलेखात दिसतं. तो मी सकाळपासून हिशेबात धरलाच नव्हता. सुळा तेवढा बघत बसले.

संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं. दोन्ही शब्दांचं एकमेकांशी नातं नसेलही. पण ती वळणावर दिसली तेव्हा मला शेवट दिसत होता हे खरं. एवढी बाई ओलांडली की झालं.

३१ ला तसं काही नव्हतं. पुढे ११ किलोमीटर आणि वर काही मीटर होते. अकरा किलोमीटर कुणाच्या टोपीवर निघत नाहीत.

म्हणजे मी सुटले का? नाही. ३१ ला मी ४५ सेकंद पळू शकले असते, हे आता मला माहीत आहे. त्यानंतर आणखी ४५ निघाले असते का, हे कधीच कळणार नाही, कारण मी मागितलेच नाहीत. खाली बसले. बुटाची नाडी ओली होऊन इतकी घट्ट बसली होती की सोडवता येईना, आणि ती सोडवायची कशाला हेही कळत नव्हतं. आणि हे सगळं कुणी बघत नव्हतं असंही नाही. धाकटी कडेला उभी होती. माझा कोरडा टी-शर्ट छातीशी धरून. मला शोधत होती आणि मी दिसल्यावर तिचा चेहरा जो झाला, तो बघूनच माझे पाय गेले. ती नसती तर कदाचित...

तिच्याबद्दल आज नाही.

एवढंच की नजरेनजरेत फरक आहे. परक्या माणसापुढे कणा ताठ होतो. आपल्या माणसापुढे पडायची मुभा असते. मग ३१ ला मी शरीरामुळे बसले की ती मुभा दिसली म्हणून बसले? की इथेही मी दोष हळूच कुणाच्या तरी अंगावर सरकवतेय? आधी शरीर, आता धाकटी. शाबास. तिला बिचारीला अजून वाटतं की तिने त्या दिवशी ‘बस कर’ म्हणायला नको होतं. मी तिला कधी सांगितलं नाही की ती म्हणायच्या आधीच मी बसले होते.

उद्या सांगेन. बघू.

बारा वाजून गेले. वही सरांकडे शनिवारी जाते. १९ खोडून १५ लिहिलं होतं मघाशी, आता १५ खोडून परत १९ केलं आहे. पान अगदी घाण दिसतंय. साडेदहाव्या किलोमीटरला मला १९ च वाटत होतं, तो रकाना ‘वाटण्याचा’च आहे, आणि वाटलं ते लिहिलं. शेजारी शेऱ्यात लिहिलं: ‘निळी टोपी, ४५ से.’ सर विचारतील हे काय. विचारू देत.

गुरुवारी आठ आहेत, त्याच रस्त्याने, त्याच वेळेला. निदान या खेपेला तिने मोबाइलमधून डोकं वर काढावं. माझं फुकट जातंय.