फियाट ११०० घरी उभी करताना

कोल्हापुरात जुन्या गाडीचं इंजिन बांधणं अवघड नाही. रीबोअर (झिजलेलं सिलिंडर कातून मोठं करणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), व्हॉल्व्ह सीट, सगळं उद्यमनगरात चालत जाण्याच्या अंतरावर होतं. अडतं ते पत्र्यापाशी. इथल्या पावसात शेडखाली उभी गाडीसुद्धा आतून गंजत राहते. म्हणून मी कामाची आखणी पावसावरून केली: पावसाळ्यात इंजिन, ब्रेक आणि वायरिंग; कटिंग, वेल्डिंग आणि रंग दिवाळीनंतर.

फियाट ११०० डिलाइटला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे दाराखालची पेटी, म्हणजे सिल, गंजली की गाडीचा कणाच गेला. लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळी गाडी फिरून तपासायची. चुंबक धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे, स्क्रूड्रायव्हर आत जातो तिथं पत्रा संपलाय. सिल, मडगार्डची खालची कड, हेडलाइटमागची वाटी, पायाखालचा फ्लोअर आणि डिकीचा तळ, या जागा हमखास सापडतात. डेंटर सांगतो, "दादा, वरनं पट्टी मारून देतो, कुणाला दिसत न्हाई." ते अजिबात करू नये. पट्टी आणि जुना पत्रा यांच्या फटीत पाणी धरतं आणि गंज आतून परत निघतो. गंजका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापलाच पाहिजे.

कापण्याआधी मी दाराच्या चौकटीत आडवे चौकोनी पाइप टॅक करून (वेल्डिंगचे ठिपके मारून) घेतले आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवले. गाडीचं वजन सस्पेन्शनवरच ठेवलं. मधोमध जॅक लावून सिल कापली तर बॉडी वाकते, आणि मग दार काही केल्या कुलपात बसत नाही. एका वेळी एकच बाजू करायची. नवीन सिल आणि फ्लोअरला १८ गेज सी.आर. (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरच्या पॅनेलला २० गेज. वेल्डिंग सी.ओ.टू मशीनवर, ०.८ मिमी तारेनं. सलग ओढ मारायची नाही. एक टॅक इथं, पुढचा लांब तिकडं, मधे पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा. गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते आणि सपाट पत्रा लाटा धरतो, म्हणून बाहेरच्या पॅनेलला ते टाळलं. सिलच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत का, ते शेवटी तारेनं पाहायचं. बहुतेक सिल ती बुजल्यामुळंच कुजलेल्या असतात.

उघड्या लोखंडावर मी एपॉक्सी प्रायमर मारला. नुसतं रेड ऑक्साइड ओल अडवत नाही, पाणी त्यातून झिरपतं. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि ती कोरडीच घासायची. ओल्या पेपरनं घासली तर ती पाणी पिते आणि पुढं रंगाला फुगे येतात. पावसाळी हवेत एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर त्यावर पांढरट झाक येते.

आता इंजिन. १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. जाम इंजिनला स्टार्टर मारू नये, रिंगा तुटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ए.टी.एफ. (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं ओतायचं, मुरू द्यायचं, मग हँडलनं मागं-पुढं हलवत सोडवायचं. हेड स्टडांना गंजून चिकटलेलं असतं. पेचकस घालून उचकटलं की हेडचा सपाट तळ गेलाच. त्यापेक्षा इंजिन फिरायला लागल्यावर, हेडचे नट काढून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून सुती दोरी कोंबायची आणि हँडल हळू फिरवायचं. पिस्टन दोरी वर दाबतो आणि हेड सरळ उचललं जातं. ही युक्ती प्रत्येकानं शिकून घ्यावी. हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खालून ०.०५ मिमीची फिलर पाती गेली, तर फेसिंग करून घ्यायचं.

रीबोअरला ब्लॉक देण्याआधी पिस्टन हातात हवेत. आधी बोअर मारून मग पिस्टन शोधत फिरलात, तर हव्या त्या ओव्हरसाइजचा (वाढीव मापाचा) संच मिळेलच असं नाही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापानं सिलिंडरला ठरलेली फट ठेवायला सांगा, आणि पिस्टनवर नंबर घाला. जोडताना हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळायचे, आणि इंजिन तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासायचे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

ब्रेकची रबरं पेट्रोलनं धुतली तर फुगतात. स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलच वापरावं. पेट्रोलच्या टाकीत सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी आणि मूठभर नट घालून हलवायचं, सोड्याच्या पाण्यानं खळखळून लगेच गरम हवेनं सुकवायचं, नाहीतर काही तासांत तांबूस गंज परत येतो. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुन्या पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी पाइप टिकत नाहीत. ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

रंगाआधी चासी आणि इंजिन नंबरचे ठसे पेन्सिलनं कागदावर उतरवून, फोटो काढून ठेवले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणूनच मी जुना ब्लॉक आणि बॉडीचं जुनं शेल सोडलं नाही. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो. नवीन नोंदणीला व्ही.ए. मालिकेतला नंबर मिळतो आणि फी २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते.