डॉक्टर आल्याशिवाय पट्टी सोडू देऊ नका

घरातल्या कुणाच्या जखमेचं रोज दवाखान्यात ड्रेसिंग करून घ्यावं लागत असेल तर एवढं ऐकाच: ज्या दिवशी डॉक्टर जखम बघणार असतील, त्या दिवशी ते आत येऊन बसलेत याची खात्री झाल्याशिवाय पट्टी सोडू देऊ नका. अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं.

आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, जुनी शुगर आहे. मे महिन्यात भर दुपारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालल्या. शुगरने तळपाय बधिर झालेले, त्यामुळे पोळलेलं कळलंच नाही. संध्याकाळी घरातल्या शहाबादीवर त्यांच्या एकाच पावलाचे ओले ठसे दिसले, तेव्हा पाय उचलून बघितला. अंगठ्याखालचा फोड फुटून कातडी गोळा झाली होती. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट आणली, ती मी लावू दिली नाही. स्वच्छ पाण्याने धुतलं, धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. धनुर्वाताचं इंजेक्शन, शुगरची तपासणी, गोळ्या, सगळं भराभर झालं.

छळ सुरू झाला तो ड्रेसिंगच्या खोलीत. खोली नऊला उघडायची. केसपेपर काढून आत गेलं की तिथली माणसं बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या पट्ट्या एकदमच सोडून ठेवायची, डॉक्टर आले की पटापट बघता यावं म्हणून. आणि डॉक्टर वॉर्डातला राउंड आटोपून यायचे अकराच्या पुढे. तोवर जखमा उघड्या. दार सताड उघडं, माश्या येतायत, पंख्याने धूळ उडतेय, आणि मी आत्यांच्या पायावर फाइलने वारा घालत उभी. गॉज, म्हणजे जखमेवरचा जाळीदार कापडाचा तुकडा, वाळून जखमेला चिकटलेला असायचा, तो तसाच ओढायचे. शेजारचा यंत्रमागावर बोट कापलेला पोरगा कळवळून ओरडला. आत्यांना दुखत नव्हतं म्हणून त्या गप्प, पण रक्त त्यांच्याही पायातून आलं.

"अहो, आत्ताच कशाला सोडता?" म्हटलं तर उत्तर, "ताई, सगळ्यांचं असंच असतं." मोठ्या सिस्टरांकडे गेले, त्या म्हणाल्या, साहेबांना विचारा. मग साहेबांनाच विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला जखम रोज बघायलाच हवी का?" ते म्हणाले, नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. "मग तेवढं कागदावर लिहून द्या." त्यांनी एक ओळ लिहिली, खाली सही केली. त्या दिवसापासून बाकीच्या दिवशी नंबर आला की पट्टी सोडायची, लगेच बांधायची आणि घरी. साहेबांनी बघायच्या दिवशी मी स्पष्ट सांगायचे, "ते आले की सोडा." पहिल्यांदा बोलणी खाल्ली. पुढे बाकावरचे बाकीचेही तेच म्हणायला लागले, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

चिकटलेला गॉज सलाइनने भिजवून थोडं थांबलं की अलगद सुटतो. घरी ड्रेसिंग करायचं तर आधी सिस्टरांकडून शिकून घ्या आणि हात साबणाने धुऊन मगच पट्टीला हात लावा. सलाइनची फोडलेली बाटली २४ तासांनंतर वापरू नका. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नवी येणारी कातडी त्याने जळते. हळद, चुना काहीही भरायचं नाही.

ताजं भाजलं असेल तर २० मिनिटं गार पाणी सोडायचं, बर्फ नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, म्हणून घरात भरून ठेवलेल्या पिंपाचं घ्या. फोड स्वतःहून फोडू नका.

जखम असलेल्या पायावर वजन टाकायचं नाही. आत्यांना हे पटवणं फार जड गेलं. स्वयंपाकघरात फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पण रोज पट्टी बदलली आणि चालणं तसंच राहिलं तर जखम भरत नाही. शुगरही आटोक्यात हवी.

भोवतीची लाली पसरली, वास आला, पू झाला, ताप भरला किंवा बोट काळं पडायला लागलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि हो, राहिलंच: बधिर पायाला एमसीआर, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल घ्या, घरातही तीच घाला, आणि रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कुणीतरी उजेडात बघा. आमच्याकडे ते काम माझ्या मुलीने घेतलंय.